मेसोथेलिओमा कशाने होतो, कोणाला होतो: घरातल्या माणसाच्या धुळीचा हिशेब कसा मांडायचा

सोलापुरात पत्रा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: टिनाचा की सिमेंटचा? सिमेंटचा म्हणजे ॲस्बेस्टॉसचा. पूर्व भागातले यंत्रमागाचे कारखाने, विडी कामगारांच्या वसाहती, एमआयडीसीतली शेड, शेतातला गोठा, सगळीकडे तोच करडा नालीदार पत्रा. त्यामुळे ॲस्बेस्टॉसने मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर होतो हे कळलं की माणूस आधी डोक्यावरच्या छताकडे बघतो आणि घाबरतो. त्याच घरात कोपऱ्यात बसून खोकणारे आजोबा मात्र साखर कारखान्याच्या बॉयलरवर वीस वर्षं राबलेले असतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. भीती एकीकडे, धोका दुसरीकडे. दोन्ही आपापल्या जागी कसे आणायचे, ते इथे सांगितलं आहे.

रोग नेमका कुठे होतो

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाचा कॅन्सर नव्हे. फुप्फुसाभोवती पातळ दुहेरी आवरण असतं, त्याला प्लुरा म्हणतात. हा कॅन्सर त्या आवरणाचा. दहातल्या साधारण आठ रुग्णांमध्ये तो इथेच सापडतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना पोटाच्या आतल्या आवरणाचा होतो. हृदयाच्या किंवा वृषणाच्या आवरणाचा क्वचित. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कॅन्सरही होतो, पण त्यांना दुसरीही मोठी कारणं आहेत. मेसोथेलिओमाचं तसं नाही. त्याचं निदान झालं की पहिला प्रश्न एकच: ॲस्बेस्टॉस कुठे भेटला होता?

हा संबंध ठामपणे पुढे आला १९६० साली. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप भागात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड या डॉक्टरांनी तिथल्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतले सगळेच खाणकामगार नव्हते. काही जण फक्त खाणीच्या आसपास राहिलेले, लहानपणी तिथे खेळलेले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे, पुढे कामाला येईल.

तंतू आत जाऊन करतो काय

ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण उभा चिरत जाणारा. चिरता चिरता इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही आणि हवेत तासन् तास तरंगतो. साधी धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या कफात अडकते. हा तंतू बाणासारखा सरळ शिरतो आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो.

तिथे कचरा गिळणाऱ्या पेशी असतात. आखूड कण त्या गिळून टाकतात. लांब तंतू पेशीच्या तोंडात मावत नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर. पेशी चिडते, दाह करणारी रसायनं सोडते आणि शेवटी मरते. मग दुसरी येते, तिचंही तेच होतं. काही तंतू सरकत सरकत प्लुरापर्यंत जातात आणि तिथल्या बारीक निचरा-छिद्रांपाशी अडकून बसतात. तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो, पेशींच्या जनुकांची मोडतोड होत राहते, आणि वाढीला लगाम घालणारी बीएपी१, एनएफ२, सीडीकेएन२ए अशी जनुकं एकेक करून निकामी होतात.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोही थोडाथोडका नाही. पहिल्यांदा धूळ अंगावर आल्यापासून रोग दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. बहुतेकांच्या बाबतीत तीसच्या पुढे. दहा वर्षांच्या आत तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणून गेल्या महिन्यात पत्रा फोडला आणि आता छातीत दुखतंय, तर त्या दुखण्याचं कारण दुसरं काहीतरी आहे. उलट, १९८० साली केलेल्या कामाचा हिशेब आज निघू शकतो.

तंतूंची जात

व्यवहारात तीन नावं माहीत असलेली बरी: निळा म्हणजे क्रोसिडोलाइट, तपकिरी म्हणजे अमोसाइट, पांढरा म्हणजे क्रिसोटाइल. निळा आणि तपकिरी तंतू सरळ, ताठ असतात आणि शरीरात दशकानुदशकं टिकतात. पांढरा कुरळा, तो त्या मानाने लवकर तुटतो, विरघळतो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा सर्वांत वाईट, मग तपकिरी, मग पांढरा. हॉजसन आणि डार्न्टन या संशोधकांनी २००० साली मांडलेलं प्रमाण ५०० : १०० : १ असं आहे. त्यावर वाद आहेत, पण क्रमावर फारसा नाही.

आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यात पांढराच असतो, साधारण ८ ते १० टक्के, बाकी सिमेंट वगैरे. म्हणून पांढरा सुरक्षित, असं विक्रेते सांगतात. ते खरं नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतातच अशा गटात, ठेवले आहेत. शिवाय पांढऱ्याच्या खाणीत ट्रेमोलाइट नावाचा ताठ तंतू बऱ्याचदा मिसळलेला असतो. कमी वाईट म्हणजे चांगला नव्हे.

सोलापूरकराने कुठे कुठे शोधायचं

धोका वस्तूत नसतो, वस्तूची धूळ होण्यात असतो. एवढी एक गोष्ट पक्की धरून खालची यादी वाचा. क्रम जास्त धोक्याकडून कमीकडे आहे.

सगळ्यात वर येतं लॅगिंग, म्हणजे बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं जुनं आवरण. सोलापूरच्या कापड गिरण्या वाफेवर उभ्या राहिल्या. जुनी गिरणी १८७७ ची. डाइंग आणि प्रोसेस हाउसला आजही वाफ लागते. जिल्ह्यात साखर कारखान्यांची तर रांग आहे. जुनं लॅगिंग करड्या-पांढऱ्या प्लास्टरसारखं दिसतं, आत तारेची जाळी, हाताने दाबलं तर भुगा होतो. त्यात निळा किंवा तपकिरी तंतूही असू शकतो, आणि सिमेंटमध्ये घट्ट बसलेल्या तंतूसारखा तो बांधलेला नसतो. गळीत हंगाम संपला की ऑफ सीझनला हे लॅगिंग फोडून काढायचं काम निघतं, बंद जागेत, हातोडी-छिन्नीने. सर्वांत जास्त धूळ याच कामात. लॅगिंग काढणाऱ्या माणसाइतकाच शेजारी वेल्डिंग करणारा आणि खाली झाडू मारणारा हेही त्याच धुळीत असतात. हिशेब करताना हे दोघे हमखास सुटतात. आता बसवतात ते ग्लासवूल किंवा रॉकवूल. ते खाजतं, पण तो ॲस्बेस्टॉस नव्हे.

त्याखाली फिटरचं काम. फ्लँजमधली जुनी सीएएफ शीटची (दाबून केलेल्या ॲस्बेस्टॉसच्या पत्रीची) गॅस्केट, पंपाचं ग्लँड पॅकिंग, भट्टीच्या दाराची पांढरी ॲस्बेस्टॉस दोरी. नवी गॅस्केट कात्रीने कापताना फार काही उडत नाही. जुनी, भाजून चिकटलेली गॅस्केट वायर ब्रशने किंवा ग्राइंडरच्या चाकाने घासली की उडते. ती आधी तेल-पाण्याने भिजवून हाताच्या पट्टीने खरवडावी, चाक लावू नये.

मग पत्र्याचं काम करणारे. पत्रा ग्राइंडरने कापणं हा या शहरातला सर्वांत सर्रास दिसणारा आणि सर्वांत टाळता येण्यासारखा प्रकार आहे. ग्राइंडरची डिस्क एका मिनिटात जो पांढरा ढग उठवते, तो अखंड छत वर्षभरात सोडणार नाही. भोक पाडणं, फुटका पत्रा आदळून फेकणं, तुकडे ट्रॅक्टरखाली चिरडून भराव घालणं, हे त्याच्या मागोमाग.

गॅरेजमध्ये जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट. ड्रम उघडला की एअर गनचा झोत मारायची सवय असते. ती सोडावी आणि ओल्या फडक्याने पुसावं. आजचे चांगले लायनर ॲस्बेस्टॉसमुक्त येतात, पण स्वस्तातल्या लायनरवर काही लिहिलेलंच नसेल तर तो ॲस्बेस्टॉसचा धरून चालावं.

आणि कपडे. कामावरचा शर्ट-पँट घरी आला, बायकोने अंगणात झटकला, मग धुतला. नवऱ्याला काही न होता बायकोला मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. म्हणून हिशेब मांडताना "काम कुणी केलं" यासोबत "कपडे कुणी धुतले" हेही लिहायचं.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवरची तारेची जाळी आठवते का, मधे पांढरा गोल असलेली? जुन्या जाळ्यांत तो गोल ॲस्बेस्टॉसचा असायचा. विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा भेटणारी ती जाळी या यादीत अगदी तळाला, पण भुगा पडत असेल तर बदलून घ्यावी.

अखंड, न फुटलेल्या पत्र्याखाली राहणं हेही तळालाच. पत्रा जुना होऊन वरचं सिमेंट झिजलं, बोटाने चोळल्यावर पांढरट भुकटी आली, तर तो थोडा वर सरकतो.

जे कारण नाही, पण गोंधळ घालतं

सोलापुरात हा गोंधळ जास्त होतो, कारण इथे धुळीचे प्रकार जास्त. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो, म्हणजे सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. त्याने मेसोथेलिओमा होत नाही. उसाच्या चिपाडाची धूळ फुप्फुसाला वेगळा त्रास देते, मेसोथेलिओमा नाही. दगडाच्या खाणीतली सिलिका तशीच. विडी वळताना उडणाऱ्या तंबाखूच्या धुळीचाही या रोगाशी संबंध नाही. म्हणून "गिरणीत होते" एवढ्याने काहीच कळत नाही. त्याच गिरणीत मागावर बसणारा आणि बॉयलर रूममध्ये राबणारा यांचे हिशेब पूर्ण वेगळे.

बिडी-सिगारेटचं गणित नीट समजून घ्या. धूम्रपानाने मेसोथेलिओमाचा धोका वाढत नाही. पण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका गुणाकाराने वाढतो. अमेरिकेतल्या इन्शुलेशन कामगारांवरच्या १९७९ च्या प्रसिद्ध अभ्यासात, दोन्हींपासून लांब असलेल्यांच्या तुलनेत फक्त ॲस्बेस्टॉसवाल्यांमध्ये सुमारे ५ पट, फक्त सिगारेटवाल्यांमध्ये सुमारे ११ पट आणि दोन्ही असलेल्यांमध्ये ५० पटींहून जास्त मृत्यू दिसले. शरीरात गेलेला तंतू काढता येत नाही. बिडी सोडता येते. धूळ खाल्लेल्या माणसाच्या हातात उरलेला सर्वांत मोठा उपाय हाच आहे.

ॲस्बेस्टॉसशिवायची कारणंही आहेत, थोडी. तुर्कस्तानच्या कॅपाडोकिया भागात काही गावांत घरं ज्या दगडाची बांधली त्यात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज होतं. तिथे हा रोग घराघरात दिसला. तरुणपणी छातीला रेडिएशन उपचार घेतलेल्यांना पुढे तो होऊ शकतो. आणि बीएपी१ जनुकातला दोष जन्मजात असेल तर धोका वाढतो. एकाच कुटुंबात मेसोथेलिओमा, डोळ्यातला मेलानोमा, मूत्रपिंडाचा कॅन्सर असे दोन-तीन प्रकार दिसले, तर डॉक्टरांना जनुकतपासणीबद्दल विचारावं.

हिशेब मांडायची पद्धत

एक वही घ्या, आडवं पान. घरातल्या वयस्क माणसाजवळ तासभर बसा. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत जुनी माणसं तेलुगूत जास्त मोकळेपणाने बोलतात, दक्षिण तालुक्यांत कन्नडमध्ये. ज्या भाषेत आठवणी निघतील त्या भाषेत विचारा, लिहून मराठीत घ्या.

"ॲस्बेस्टॉसशी संबंध आला का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर नेहमी "नाही" येतं, कारण कामावर ती वस्तू त्या नावाने ओळखलीच जात नव्हती. त्याऐवजी असं विचारा: अप्पा, बॉयलर रूममध्ये जाणं व्हायचं का? पाइपावरचं प्लास्टर कोण फोडायचं? भट्टीच्या दाराला पांढरी दोरी कोण गुंडाळायचं? घरी आल्यावर कपडे पांढरे व्हायचे का? कारखान्याच्या छताचे पत्रे बदलले तेव्हा माग बंद होते की चालू?

प्रत्येक कामाची एक ओळ करा. रकाने सहा: साल, तेव्हाचं वय, काम, वस्तू, धूळ किती, कपडे कुठे धुतले. भरलेली ओळ अशी दिसते: "१९७८ ते १९८६, वय २२ ते ३०, साखर कारखाना, ऑफ सीझनला हेल्पर, बॉयलरचं लॅगिंग फोडणं आणि गोळा करणं, दरवर्षी दोन-अडीच महिने, रोज ६ तास, आत समोरचा माणूस दिसत नसे, कपडे घरी, बायको धूत असे." एवढी ओळ डॉक्टरांना पानभर तक्रारींपेक्षा जास्त सांगते.

आता ती वाचायची कशी. तीन गोष्टी बघा. पहिली, एकूण डोस: धूळ किती दाट, गुणिले किती तास, गुणिले किती वर्षं. सुरक्षित म्हणावी अशी किमान मर्यादा कुणाला सापडलेली नाही, पण याचा अर्थ एक तंतू म्हणजे कॅन्सर असा नाही. धोका डोससोबत चढतो. दुसरी, पहिला संपर्क किती वर्षांपूर्वीचा. मेसोथेलिओमाचा धोका पहिल्या संपर्कापासूनच्या काळाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढतो. वीस वर्षांनंतरचा धोका १ धरला तर चाळीस वर्षांनंतरचा ८ ते १६. म्हणून काम लहान वयात केलेलं असेल तर पुढे आयुष्यभर तो आकडा चढायला जास्त वर्षं मिळतात. आफ्रिकेतल्या त्या खाणीजवळ खेळलेल्या मुलांचं हेच झालं. तिसरी गोष्ट, तंतूची जात: लॅगिंग असेल तर निळा-तपकिरी असण्याची शक्यता धरा, पत्रा असेल तर पांढरा.

घरात कुणाचीच अशी ओळ निघाली नाही आणि डोक्यावर फक्त अखंड पत्रा आहे, तर वही मिटा. दरवर्षी एक्स-रे काढायची गरज नाही.

पत्रा घरावर असेल तर

पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे का? त्यावर आयएस ४५९ असा शिक्का दिसला तर आहेच. ते मानकच ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्याचं आहे. शिक्का पुसला असेल आणि पत्रा जुना असेल तर आहे असंच धरा. तपासणीसाठी तुकडा तोडत बसू नका.

चांगल्या पत्र्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांत खोली भट्टी होते, म्हणून लोक पांढरा रंग मारायला वर चढतात आणि आधी तारेच्या ब्रशने पत्रा घासतात. नुकसान तिथेच होतं. घासू नका, प्रेशर वॉशर लावू नका. सकाळी वारा पडलेला असताना बागेच्या फवाऱ्याने पत्रा भिजवा, सुकू द्या आणि प्रायमर व छताचा पांढरा रंग फवाऱ्याने किंवा लांब केसांच्या रोलरने लावा. आतून फॉल्स सीलिंग करायचं असेल तर त्याच्या तारा पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या वाशाला, बांधा, पत्र्याला भोक नको. कारखान्यात छताखालची जळमटं आणि रुईचा फ्लफ एअर गनने उडवण्याची सवय असते. वर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर ती बंद करा. ओल्या फडक्याचा लांब झाडू वापरा.

वळिवात फांदी पडून पत्रा फुटला, किंवा काढायचाच आहे, तर पुढचं नीट वाचा. एक गोष्ट कॅन्सरच्याही आधी: या पत्र्यावर सरळ पाय देऊ नये. तो वाकत नाही, एकदम फुटतो, आणि माणूस खाली जातो. बोल्टांच्या ओळीवर, पर्लिनच्या बरोबर वर, रुंद फळी टाकूनच चालायचं, शक्य असेल तर खालूनच शिडीवरून काम करायचं.

घरातली माणसं, विशेषतः मुलं, बाहेर पाठवा. पिठाचे डबे, पाण्याचे हंडे, अंथरुणं बाहेर काढा किंवा प्लास्टिकने झाका. खाली जाड पॉलिथिन अंथरा. शेजाऱ्यांना खिडक्या लावायला सांगा. फवाऱ्याच्या टाकीत दर लिटर पाण्याला एक छोटा चमचा भांडी धुण्याचा द्रव टाका. नुसतं पाणी पत्र्यावरून ओघळून जातं, साबणाने ते आत मुरतं. दोन्ही बाजू भिजवा, आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा.

मास्क एफएफपी३ किंवा पी१०० कार्ट्रिजचा हाफ मास्क. एन९५ हा त्याखालचा. दुसरं काही मिळालंच नाही तर तो. कापडी रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क यांचा उपयोग शून्य. दाढी असेल तर कुठलाच मास्क चेहऱ्याला बसत नाही. कडेने हवा शिरते.

गंजलेला जे-बोल्ट फिरत नाही, मग पत्रा हातोड्याने फोडून काढायचा, असं बहुतेक ठिकाणी चालतं. बोल्टच कापा, बोल्ट कटरने किंवा हॅकसॉने. आधी वरची टोपी, मग जो पत्रा शेवटी बसवला असेल तो पहिला. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून दोघांनी धरायचा, दोराने खाली सोडायचा, फेकायचा नाही. खाली आला की ओला असतानाच २०० मायक्रॉनच्या पॉलिथिनमध्ये दोन थरांत गुंडाळून टेपने बंद करायचा. बारीक तुकडे जाड पिशवीत, तीही दुहेरी.

शेवटी झाडू मारायचा नाही. घरचा व्हॅक्युम क्लीनरही नाही. त्याच्या गाळणीतून तंतू आरपार जातो आणि खोलीभर पसरतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकी त्याच पिशवीत टाका. नाहीतर सांडलेलं पाणी सुकलं की धूळ पुन्हा तयार. अंगावरचे कपडे भिजवून उतरवा, मास्क सगळ्यात शेवटी, मग डोक्यावरून अंघोळ.

पत्र्याची विल्हेवाट ही आपल्याकडची खरी अडचण. टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत येतो. कारखान्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे विचारायचं, घरमालकाने महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात. दोन्हीकडे लेखी, आणि पत्रा उतरवायच्या आधी. उतरवलेला ढीग दारात ठेवून विचारायला गेलं की तो शेवटी ओढ्यात किंवा भरावातच जातो. भंगारवाल्याला दिला तर तो पुढे कुणाच्या तरी गोठ्यावर चढतो, आणि चढताना पुन्हा भोकं पाडली जातात.

नवं छत घेताना बिलावर "ॲस्बेस्टॉसमुक्त" असं लिहून घ्या. फायबर सिमेंट हा शब्द पुरेसा नाही, ॲस्बेस्टॉसही फायबरच.

डॉक्टरांकडे कधी, काय सांगून

वहीत धुळीची ओळ आहे आणि एका बाजूला छातीत बोथट दुखणं, चढताना दम लागणं, वजन घटणं सुरू झालं, तर दोन आठवड्यांच्या पुढे थांबू नका. पोटाच्या प्रकारात पोट फुगतं, पाणी साठतं.

इथे एक सापळा आहे. छातीत पाणी झालं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पाणी काढतात, त्यातलं एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) तपासतात, ते वाढलेलं आलं की एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. पण मेसोथेलिओमातही एडीए वाढलेलं येऊ शकतं, पाण्यात तशाच लिम्फोसाइट पेशी दिसतात, आणि पाण्यातल्या पेशींच्या तपासणीत कॅन्सर बऱ्याचदा सापडत नाही. मग सहा महिने औषधं चालतात आणि पाणी पुन्हा भरत राहतं. म्हणून पाणी रक्तमिश्रित असेल, पुन्हा पुन्हा भरत असेल किंवा टीबीचे जंतू कुठेच सापडले नसतील, तर वही पुढे ठेवा आणि सरळ विचारा: प्लुराची बायोप्सी करायची का? दुर्बिणीतून, म्हणजे थोरॅकोस्कोपीने घेतलेला तुकडा सर्वांत भरवशाचा. त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लागते, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी१ अशा चाचण्यांशिवाय मेसोथेलिओमा आणि ॲडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार यांत फरक करणं अवघड.

सीटी स्कॅनमध्ये "प्लुरल प्लाक", म्हणजे प्लुरावरचा जाड, टणक झालेला चट्टा, असं लिहून आलं तर घाबरू नका. तो कॅन्सर नाही आणि त्याचा पुढे कॅन्सर होत नाही. पण तो ॲस्बेस्टॉस आत गेल्याचा शिक्का आहे, हिशेबात लिहून ठेवा.

सुरुवात सिव्हिलला छातीरोग विभागात करता येते. विमाधारक कामगाराने ईएसआयमार्फत जावं. कॅन्सरसाठी बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली.

कागद

फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, ॲस्बेस्टॉसमुळे झालेले, हे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, भाग ब मध्ये व्यावसायिक आजार म्हणून होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यावसायिक आजारांची अनुसूची आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना सांगितलं की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर संपेल तोवर ठेवायची. साखर कारखाना किंवा गिरणी स्वतःला ॲस्बेस्टॉस उद्योग मानत नाही, त्यामुळे तिथे पुरावा आपल्यालाच जमवावा लागतो.

पीएफची जुनी स्लिप, ईएसआय कार्ड, गेट पास, पगारपत्रक, ठेकेदाराचा हजेरी कागद, काहीही टाकू नका. हंगामी आणि ठेकेदारी कामगाराकडे यातलं बहुधा काहीच नसतं; तेव्हा बरोबर काम केलेल्या दोघांचे लेखी जबाब, साल आणि कामाच्या तपशिलासह, ते हयात आहेत तोवर घेऊन ठेवा. बायोप्सी झाली असेल तर अहवालासोबत त्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचा रुग्णालय किती वर्षं ठेवतं ते विचारा आणि मुदत संपण्याआधी अर्ज करून ताब्यात घ्या. निदानावर नंतर कुणी शंका घेतली तर पुन्हा तपासायला दुसरं काही शिल्लक नसतं.